दहा वेळा चॅम्पियन, आणि टेबलात वजा तीन

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की फ्रान्समध्ये फुटबॉल बघायचाच असेल तर पॅरिसचा बडा क्लब पीएसजी बघू नका, सां-तेत्येन या क्लबचा लीग २ चा, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनचा सीझन बघा. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काहींनी ताई तुम्हाला काय झालंय असं विचारलंय, काहींनी खरंच मनापासून प्रश्न पाठवलेत. त्यामुळे या वेळचं अख्खं सदर याच एका क्लबवर, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या वेळी घेते, रागावू नका.

प्रश्न : ताई, जी टीम दहा वेळा फ्रान्सची चॅम्पियन झालीये ती दुसऱ्या डिव्हिजनला जातेच कशी? आणि २०२२-२३ च्या टेबलात सुरुवातीला त्यांच्या नावापुढे –३ दिसतं, ती प्रिंटिंग मिस्टेक आहे का? (कॉलेजात शिकणारा एक वाचक)

मिस्टेक नाही रे बाबा, खरंच वजा तीन होते. एकही मॅच न खेळता.

दहा टायटल खरी आहेत, पण ती कधीची ते बघ ना. पहिलं १९५७ चं, शेवटचं १९८१ चं. त्या शेवटच्या टीममध्ये फ्रान्सचा दिग्गज मिशेल प्लातिनी होता, म्हणजे किती जुनी गोष्ट झाली बघ. त्यानंतर १९८२ मध्ये क्लबच्या काळ्या पैशाचं प्रकरण बाहेर आलं, खेळाडूंना हिशोबाबाहेर पैसे देण्यासाठी एक गुप्त खातं ठेवलेलं होतं, प्रेसिडेंट रोजे रोशे यांना जावं लागलं आणि दोनच वर्षांत, १९८४ ला, टीम खाली. मग वर, मग १९९६ ला परत खाली, मग वर, मग २००१ ला परत खाली, त्या सीझनला तर काही परदेशी खेळाडूंचे पासपोर्ट खोटे निघाले आणि त्याबद्दल पॉइंट कापले गेले. म्हणजे या क्लबला पॉइंट कापून घ्यायची सवयच आहे म्हण. २००४ ला वर आले ते मात्र १८ वर्षं टिकले, मध्ये २०१३ ला लीग कपही जिंकला.

आता वजा तीनची गोष्ट. २९ मे २०२२, रविवार. आदल्याच रात्री पॅरिसजवळ लिव्हरपूल आणि रेआल माद्रिदच्या चॅम्पियन्स लीग फायनलला गेटवर जो काही गोंधळ झाला तो जगभर दाखवत होते, आणि दुसऱ्या दिवशी इकडे सां-तेत्येनची ओसेरशी लीग १ मध्ये राहायचं की जायचं याची मॅच. पहिली मॅच १-१, ही पण १-१, जादा वेळेतही काही नाही, पेनल्टी. रियाद बुदबूझची हुकली, ओसेरची एकही हुकली नाही, ५-४, खेळ खल्लास. आणि पुढच्या काही सेकंदांत जे झालं ते मी आजही बघू शकत नाही, स्टँडमधून लोक मैदानात उतरले, जळते फ्लेअर फेकत, खेळाडू बोगद्याकडे पळतायत, पोलिस अश्रुधूर सोडतायत, आणि या सगळ्यात ओसेरच्या पोरांना आपण वर आलो याचा आनंदही नीट करता आला नाही. शिक्षा म्हणून सहा पॉइंट कापले, त्यातले तीन लगेच आणि तीन टांगती तलवार म्हणून, शिवाय काही होम मॅच रिकाम्या स्टेडियममध्ये.

म्हणून ते –३. टीम खाली गेली ती गेलीच, वर उधारी डोक्यावर.

प्रश्न : सेंट एटीन, सेंट इटिएन, साँ एतिएन… नक्की म्हणायचं काय?

सां-तेत्येन. मधला त जोडून येतो. आणि आता विचारलंच आहे तर एकदाच सांगून टाकते, मेट्झ नाही मेस, अँगर्स नाही आंजे, रीम्स नाही रांस. ऑक्झेर म्हणू नका, ओसेर म्हणा. पण रोदेझचा झ मात्र उच्चारायचा, तो का ते मला विचारू नका.

प्रश्न : लीग २ मधून वर कसं जातात हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. कधी दोन टीम वर जातात, कधी तीन, कधी प्लेऑफ असतो कधी नसतो. एकदा नीट सांगाल का?

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे, कारण मधल्या काळात त्यांनी नियमच बदलत ठेवले. लीग १ मध्ये २० टीम होत्या, त्या १८ करायच्या ठरल्या, म्हणून २०२२-२३ ला वरून चार टीम खाली आणि खालून फक्त दोन वर, प्लेऑफच नाही. मग पुढच्या वर्षी लीग २ पण २० ची १८ करायची म्हणून तिथून चार टीम खाली. एका बाजूला शिडी काढून घ्यायची आणि दुसऱ्या बाजूला भोक मोठं करायचं असा प्रकार.

आता नेहमीची पद्धत अशी. पहिला आणि दुसरा थेट वर. चौथा आणि पाचवा एक मॅच खेळतात, चौथ्याच्या घरी. जो जिंकेल तो तिसऱ्याच्या घरी जाऊन अजून एक मॅच. त्यातून जो उरेल त्याची गाठ लीग १ मध्ये खालून तिसऱ्या आलेल्या टीमशी, ही मात्र दोन मॅचची, आधी खालच्याच्या घरी आणि नंतर वरच्याच्या घरी. याला ते बराज म्हणतात. बराज म्हणजे तशी अडवणूक, धरण, आणि शब्द अगदी बरोबर आहे, कारण वरची टीम दारात आडवी पडलेली असते आणि तिला ओलांडून आत जायचं असतं.

याच्यात एक अन्याय आहे तो मला कायम खटकतो. तिसरा आलेला वर्षभर चांगला खेळलेला असतो, वरच्या डिव्हिजनमध्ये खालून तिसरा आलेला वर्षभर वाईट खेळलेला असतो, आणि तरी निर्णायक मॅच वाईट खेळणाऱ्याच्या मैदानावर! पण असो, नियम त्यांचे.

प्रश्न : २०२३-२४ ला ते वर आले तो सीझन तुम्ही पूर्ण फॉलो केला होता असं लिहिलंय. तेव्हा नेमकं बदललं काय? कोच बदलला म्हणून जिंकले का? (फुटबॉल कोचिंग करणारे एक वाचक)

सर, तुम्ही कोच आहात म्हणून तुम्हाला आवडणार नाही, पण थोडंफार हो. आणि बरंचसं नाही.

आधीच्या सीझनपासून बघायला लागेल. लोरां बात्लेस २०२२ च्या उन्हाळ्यात आले, ते स्वतः या क्लबकडून खेळलेले, म्हणजे घरचाच माणूस. सुरुवात –३ पासून, आणि ऑगस्टमध्येच ल हाव्रने सहा घातले, ६-० हो, चुकून वाचलं नाही तुम्ही. काही काळ टीम टेबलाच्या तळाशी होती. तळाशी म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमधूनही खाली, तिसऱ्यात जायची वेळ. मग जानेवारीत ब्रेस्टहून गोलकीपर गोतिये लार्सोनर आला, जाँ-फिलिप क्रासोने लीगमध्ये १७ गोल मारले आणि ओढून ताणून आठव्या नंबरवर आणून ठेवलं. आणि उन्हाळ्यात हा क्रासो फ्री ट्रान्सफरवर रेड स्टार बेलग्रेडला गेला. एक पैसा न मिळता. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मोठ्या क्लबचं हे दुखणं आहे, ज्याने घर सावरलं तोच करार संपला म्हणून दारातून निघून जातो.

तर २०२३-२४ ला सगळ्यांची अपेक्षा की आता हे वर जाणारच. आणि शरद ऋतूत हरायला लागले, एकामागून एक, डिसेंबरमध्ये टेबलाच्या मधल्या भागात कुठेतरी लटकलेले असताना बात्लेसना घरी पाठवलं. जागी आले ओलिव्हिए दालोलिओ. साठीला आलेला माणूस, आवाज न चढवणारा, २०१६ ला दिजोंला त्यांनी लीग १ मध्ये नेलेलं. त्यांनी काही जादू केली नाही, उलट त्यांचं पहिलं काम बघितलंत तर अगदी कंटाळवाणं होतं, मागची फळी घट्ट करा आणि चेंडू गेला की सगळे परत या. पण खरा फरक जानेवारीत पडला असं माझं मत आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गकडून दोन पोरं लोनवर आली, इरविन कार्दोना आणि नाथानाएल म्बुकू. कार्दोनाचं मला फार आवडलं ते म्हणजे तो बॉक्समध्ये उभा राहत नाही, तो उशिरा येतो, डिफेंडर चेंडूकडे बघतोय तेवढ्यात त्याच्या मागच्या खांद्यावरून आत शिरतो. लीग २ मधले डिफेंडर धिप्पाड असतात, हवेत कोणाला ऐकत नाहीत, पण मागून कोण येतंय हे बघायला मान वळवायचा कंटाळा करतात. तिथे त्याने हात मारला. पुढे इब्राहिम सिसोको उंचापुरा, तो दोघांना अंगावर घेऊन उभा, आणि मागून हा.

शेवटी ओसेर ७४ पॉइंट घेऊन पहिला, आंजे ६८ घेऊन दुसरा, सां-तेत्येन ६५ घेऊन तिसरा. म्हणजे तेच ओसेर, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी यांना खाली ढकललं होतं, मध्ये स्वतः खाली आले आणि आता यांच्या आधी परत वर! नशीब असं समोर बसून वाकुल्या दाखवतं कधी कधी.

आणि तीन पॉइंट हो फक्त, आंजेपेक्षा. एक मॅच. अख्ख्या ३८ मॅचपैकी एक कुठली तरी, पावसातली, जी हरले तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नसेल. (ते आधीच्या वर्षीचे वजा तीन या वर्षी नव्हते हं, पण आकडा बघून मला हसूच आलं.)

मग बराज. रोदेझला घरी २-०. मग मेस. ३० मे २०२४ ला घरी २-१ जिंकले, आणि २ जूनला मेसला गेले. त्या मॅचला मी सोफ्यावर बसूनच नव्हते, उभीच होते. नव्वद मिनिटांत मेस २-१ ने पुढे, दोन्ही मॅच धरून ३-३, जादा वेळ. सगळ्यांचे पाय गेलेले, क्रॅम्प आलेला खेळाडू स्वतःच स्वतःचा पाय ताणतोय, आणि माझ्या डोक्यात एकच, की परत पेनल्टी नको, कुठल्याही परिस्थितीत पेनल्टी नको. शेवटची दोनतीन मिनिटं उरलेली असताना सेनेगलचा इब्राहिमा वाद्जी गोल मारतो. २-२. एकूण ४-३. वर.

तर सर, कोच बदलला म्हणून जिंकले का? दालोलिओंनी टीमला सावरलं हे शंभर टक्के. पण तो चेंडू बाहेर गेला असता तर याच माणसाला आपण अपयशी म्हणालो असतो, आणि त्यांचं काम तसूभरही वेगळं नसतं. बात्लेस आणि त्यांच्यातला फरक माझ्या मते जेवढा वाटतो तेवढा नाही. दालोलिओंना तरी कुठे टिकवलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लीग १ मध्ये हरायला लागल्यावर त्यांनाही घरी पाठवलं. डिसेंबर महिना त्या क्लबच्या कोचला मानवत नाही एवढंच दिसतं.

प्रश्न : माझ्या तरुणपणी सां-तेत्येनच्या चौकोनी गोलपोस्टबद्दल वाचलेलं पुसट आठवतं. ती काय भानगड होती? आजच्या मुलांना कोणी सांगत नाही. (एक ज्येष्ठ वाचक)

काका, तुम्ही हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचे मनापासून आभार.

१२ मे १९७६, ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, युरोपियन कपची फायनल, समोर बायर्न म्युनिक. तिथले गोलपोस्ट गोल नव्हते, चौकोनी होते, म्हणजे सुताराने लाकूड तासलं आणि तसंच उभं केलं असे, चार कडांचे. पहिल्या हाफमध्ये दोमिनिक बातेनेने लांबून मारलेला शॉट आडव्या दांडीवर आपटून परत आला. थोड्या वेळाने जाक सांतिनीचं हेडर, तेही दांडीवर. दुसऱ्या हाफमध्ये फ्रांझ रोटने फ्री किकवर बायर्नचा गोल केला आणि १-० हरले. तेव्हापासून फ्रान्समध्ये प्रत्येक माणूस सांगतो की पोस्ट गोल असता तर चेंडू आतल्या बाजूला वळला असता. भूमितीने ते खरं आहे का देव जाणे, कड लागली तर चेंडू कुठेही जाऊ शकतो, पण तुम्ही सां-तेत्येनच्या माणसासमोर हे बोलू नका.

आणि गंमत पुढे आहे. हरून आले तरी पॅरिसला शाँझेलिझेवर मिरवणूक काढली, राष्ट्राध्यक्षांनी बोलावून घेतलं. दोमिनिक रोशतो, त्या टीमचा सगळ्यात लाडका पोरगा, दुखापतीमुळे शेवटची काही मिनिटंच खेळू शकला होता, त्याचं दुःखही आजवर चघळतात. नंतर हॅम्पडनने ते पोस्ट बदलले आणि २०१३ मध्ये सां-तेत्येनने चक्क ते जुने पोस्ट विकत आणून स्वतःच्या म्युझियममध्ये ठेवले. ज्या दांडीने घात केला तीच पैसे मोजून घरी आणून ठेवायची, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

प्रश्न : लीग २ मध्ये गेल्यावर क्लबचं पैशाचं काय होतं? आणि हे डीएनसीजी प्रकरण काय आहे, सारखं बातम्यांत येतं.

पैशाचं वाट्टोळं होतं, थोडक्यात.

खेळाडूंचे पगार लीग १ च्या हिशोबाने ठरलेले, आणि टीव्हीचे पैसे एकदम लीग २ चे. २०२४ पासून लीग २ चे हक्क बीईन स्पोर्ट्सने घेतले ते वर्षाला ४ कोटी युरोला, आणि हे सगळ्या क्लबमध्ये मिळून वाटायचे. एका बऱ्या स्ट्रायकरची किंमत असते तेवढी. वर शुक्रवारी रात्री मॅच ठेवल्या, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या फॅनने ऑफिसमधून सुट्टी काढायची, त्यावरून २०२४ मध्ये स्टेडियमांतून निषेध झाले. मला ते शंभर टक्के पटलं. ज्यांच्यामुळे स्टेडियम भरतं त्यांनाच टीव्हीच्या सोयीने नाचवायचं.

डीएनसीजी म्हणजे फ्रेंच फुटबॉलची हिशोब तपासणारी संस्था. दर उन्हाळ्यात क्लबचे मालक वह्या घेऊन यांच्यासमोर बसतात आणि पुढचं वर्षभर पगार कुठून देणार ते पटवून देतात. नाही पटलं तर पगारावर मर्यादा, खेळाडू घ्यायला बंदी, आणि अगदीच नाही पटलं तर सरळ एक डिव्हिजन खाली. मैदानात तुम्ही कितवे आलात त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

उदाहरण बोर्दोचं घ्या. सहा वेळा चॅम्पियन, शेवटचं २००९ चं. हे पण २०२२ लाच सां-तेत्येनबरोबर खाली आले. २०२३ च्या जूनमध्ये शेवटच्या दिवशी वर जायची संधी होती, घरी रोदेझशी मॅच, रोदेझने गोल मारला आणि सेलिब्रेट करणाऱ्या खेळाडूला बोर्दोच्याच एका फॅनने मैदानात उतरून ढकललं. मॅच तिथेच बंद. वर जाणं संपलं. पुढच्या वर्षी बारावे आले, म्हणजे वाचलेले, पण हिशोब जुळेना, डीएनसीजीने तिसऱ्या डिव्हिजनला टाकलं, विकत घ्यायला आलेले मागे फिरले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये बोर्दोने प्रोफेशनल क्लबचा दर्जाच सोडून दिला आणि चौथ्या पातळीवर जाऊन खेळायला लागले. चौथ्या! बोर्दोची जागा रिकामी झाली म्हणून खाली जाणारं त्रुआ वाचलं, तो एक वेगळाच योगायोग.

सां-तेत्येन यातून सुटलं ते एका माणसाच्या चेकबुकमुळे. रोलां रोमेये आणि बेर्नार कायाझो हे दोघे मालक वीस वर्षं क्लब चालवत होते, एकमेकांशी फारसं पटायचं नाही, आणि बरीच वर्षं गिऱ्हाईक शोधत होते. वर आल्याबरोबर, जून २०२४ मध्ये, कॅनडाच्या लॅरी टॅननबॉम यांच्या किल्मर कंपनीने क्लब घेतला. वाद्जीचा तो गोल म्हणून मला फक्त गोल वाटत नाही. लीग १ मधला क्लब विकणं आणि लीग २ मध्ये अडकलेला क्लब विकणं यात जो फरक असतो तो त्या एका किकमध्ये होता.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना या टीमचं वेड आहे आणि मला प्रामाणिकपणे कळत नाही. दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचला एवढे लोक येतातच का? घरी बसून बरी टीम बघावी ना.

ताई, मिस्टरांची बाजू घेत नाहीये, पण एकदा त्या स्टेडियमचा आवाज टीव्ही मोठा करून ऐका.

जोफ्रवा-गिशार असं स्टेडियमचं नाव, लोक म्हणतात शोद्रों, म्हणजे कढई, उकळती. १९३१ चं आहे, चाळीस हजारांच्या वर माणूस मावतं, चार बाजूंना स्टँड आणि मैदानाच्या अगदी जवळ. दोन टोकांना दोन गट, उत्तरेला मॅजिक फॅन्स आणि दक्षिणेला ग्रीन एंजल्स. एक टोक ओरडतं, थांबतं, मग दुसरं टोक त्याला उत्तर देतं, आणि मधल्या त्या एका क्षणाच्या शांततेत खेळाडूंच्या हाका ऐकू येतात. मी व्हिडिओत ऐकलंय फक्त, पण तेवढ्यावरही अंगावर काटा येतो. (तुम्ही हे स्टेडियम बघितलंय बहुतेक, १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये बेकहॅमला रेड कार्ड मिळालं ती अर्जेंटिना-इंग्लंड मॅच इथलीच.)

आणि शहर बघा ना. कोळशाच्या खाणी, बंदुका, सायकली, रिबिनी, असं कष्टाचं शहर. मोठी खाण कूर्यो १९७३ ला बंद झाली, आता तिथे म्युझियम आहे. म्हणजे ज्या वर्षांत शहराचं पोट भरणारी गोष्ट बंद पडत होती नेमकी त्याच वर्षांत ही हिरवी टीम अख्ख्या फ्रान्सला वेड लावत होती. बापाची खाण गेली, टीम राहिली. अशा ठिकाणी डिव्हिजन कितवी हा प्रश्न दुय्यम होतो. हिरवा रंगही कुठून आला माहितीये का, कासिनो नावाच्या किराणा दुकानांच्या साखळीचा तो रंग, कारण क्लब सुरूच झाला त्या कंपनीच्या कामगारांसाठी, आणि जोफ्रवा गिशार हे त्या कंपनीचे संस्थापक.

मिस्टरांना सांगा की निदान जेवायच्या वेळी फोन बाजूला ठेवा. तेवढं तुमचं बरोबर आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. वर आल्यावर पुढे काय झालं? त्यांना सपोर्ट करू का?

वर आल्यावर लगेच पुढच्याच वर्षी परत खाली गेले रे. २०२४-२५ ला १८ टीममध्ये सतरावे. डिसेंबरनंतर नॉर्वेचे आइरिक होर्नेलांड कोच होते, बेल्जियमचा लुकास स्तासिन नावाचा पोरगा भरपूर गोल मारत होता, एप्रिलमध्ये त्याच्याच दोन गोलांवर ल्योंला घरी २-१ हरवलं, पण मे महिन्यात शेवटच्या दिवशी तुलूझकडून ३-२ हरले आणि संपलं. आणि कळस म्हणजे ज्या मेसला हरवून हे वर गेले होते ते मेस त्याच मे महिन्यात बराज जिंकून परत वर आले. म्हणजे दोघांनी जागा बदलली, बस.

तर २०२५-२६ ला परत लीग २. सपोर्ट कर की. फक्त वर्गात दरवर्षी ट्रॉफी दाखवता येणार नाही हे आधीच मान्य करून घे, आणि दहावीच्या वर्षी मे महिन्यातले बराज बघत बसू नकोस असं म्हणणार होते, पण तोपर्यंत तुझी परीक्षा झालेली असेल. बघ.

प्रश्न : मी ल्योंचा फॅन आहे. दुसऱ्या डिव्हिजनवाल्यांवर अख्खं सदर? आमच्यावर कधी लिहिणार?

दादा, तुमच्यावर लिहिणारच होते. वर डीएनसीजीबद्दल सांगितलं ना, त्यांनी २०२५ च्या जूनमध्ये तुमच्या ल्योंला कर्जामुळे लीग २ मध्ये टाकलं होतं. साठेक किलोमीटरवरच्या शेजाऱ्यांनी तुमच्यासाठी जागा पुसून ठेवली होती म्हणे. जुलैत अपील जिंकलात आणि वर राहिलात. नाहीतर या अंकात तुमचंच नाव पहिलं आलं असतं.